सुरीची धार आणि हाताचा कोन

सुरीला धार लावण्याचे काम घरोघरी चालते आणि त्याविषयीची तक्रारही घरोघरी एकच असते. अर्धा तास दगडावर घासली, पाते चकचकीत झाले, पण पिकलेल्या टोमॅटोवर ठेवली की साल कापत नाही. टोमॅटो दबतो, फुटतो आणि रस ओट्यावर वाहतो. घरातील कर्ता पुरुष मग दगडाला दोष देतो. दगड भरड आहे, बारीक हवा, असे ठरवून तो बाजारातून दुसरा दगड आणतो. त्यावर आणखी अर्धा तास जातो. पात्यात आता तोंड दिसू लागते, परंतु टोमॅटोची कथा तीच राहते. काही उत्साही मंडळी तिसऱ्या दगडापर्यंत पोहोचतात. शेवटी सुरीचे पोलादच हलके, असा निकाल लागतो आणि नवी सुरी घरात येते.

या गृहस्थाच्या घरी दगडांची उणीव नव्हती आणि बहुतेक वेळा पोलादही निर्दोष असते. उणीव होती ती इतकीच की, पहिल्या दगडावर पाते ज्या कोनात धरले होते, त्या कोनात ते दुसऱ्या दगडावर धरले गेले नाही. दगड बदलताच हातही बदलला. आज या एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण स्वयंपाकघरात ज्यांची बोटे कापली गेली आहेत त्यांना तो तसा वाटणार नाही. तीक्ष्ण सुरी आपल्या वजनानेच पदार्थात शिरते. बोथट सुरी जोराने दाबावी लागते, आणि दाबलेली सुरी कांद्याच्या गुळगुळीत पाठीवरून घसरली म्हणजे तो सारा जोर दुसऱ्या हाताच्या बोटांवर उतरतो. चकाकणारी पण न कापणारी सुरी तर याहून वाईट, कारण तिच्या चकाकीमुळे हात निर्धास्त असतो.

धार म्हणजे काय, हे आधी पाहू. पात्याच्या दोन बाजू खाली येताना शेवटच्या एखाद्या मिलिमीटरात अधिक वेगाने एकमेकींकडे झुकतात आणि एका रेषेत मिळतात. त्या झुकत्या पट्टीला ढाळ म्हणू, आणि दोन ढाळ जेथे मिळतात ती रेषा म्हणजे धार. स्वयंपाकघरातील सुरीचा ढाळ एका बाजूला साधारणपणे १५ ते २० अंशांचा असतो. जपानी धाटणीच्या पातळ सुऱ्या १५ अंशांकडे झुकतात, युरोपीय धाटणीच्या जाड सुऱ्या २० कडे. हाडे फोडण्याच्या सुऱ्याला याहून अधिक कोन लागतो, नाही तर धारेचे तुकडे पडतात. यांपैकी कोणता कोन निवडावा यावर पुष्कळ वाद होतात. खरे पाहता १५ अंशांची सुरी आणि १८ अंशांची सुरी यांतील फरक घरच्या स्वयंपाकात फारसा कळत नाही. कोन कोणताही घ्यावा. पण आरंभीच्या दगडापासून अखेरच्या दगडापर्यंत तो एकच असावा. वादाचा सगळा वेळ मंडळींनी या दुसऱ्या गोष्टीला दिला असता तर पुष्कळ टोमॅटो वाचले असते.

हा कोन सांभाळण्याची अडचण सर्वच हत्यारांना सारखी नसते. न्हाव्याचा जुना वस्तरा पाहावा. आता बहुतेक दुकानांत पाती बदलण्याचा वस्तरा आला आहे, पण जुना वस्तरा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की तो पथरीवर अगदी आडवा टेकवीत. त्याची पाठ आणि त्याची धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागत. पात्याची रुंदी १९ मिलिमीटर आणि पाठीची जाडी ५ मिलिमीटर असेल, तर एका बाजूचा कोन आपोआप साडेसात अंशांच्या जवळ येतो. घासताना धार झिजते तशी पाठही झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षे हा कोन जवळजवळ तसाच राहतो. पथरी बदला, तिच्यानंतर आणखी बारीक पथरी घ्या, कोन हलत नाही. तो न्हाव्याच्या हातात नसून वस्तरा घडविणाऱ्याने पात्याच्या आकारातच बसविलेला असतो. न्हाव्याचे कसब इतर अनेक गोष्टींत आहे. या एका बाबतीत मात्र त्याला परीक्षा द्यावी लागत नाही.

सुताराच्या पटाशीलाही असाच आधार असतो. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या पटाशीला २५ अंशांचा ढाळ दिला, तर तो ढाळ आठ मिलिमीटरांहून थोडा अधिक रुंद होतो. एवढी रुंद पट्टी दगडावर टेकवली की ती बसल्याचे बोटांना कळते. नवशिका सुतारही डोळे मिटून ते सांगू शकेल.

सुरीचे तसे नाही. धारेच्या थोडे वर तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, आणि १५ अंशांचा ढाळ मोजला तर तो जेमतेम एक मिलिमीटर रुंद भरतो. एवढ्याशा पट्टीवर सुरी टेकून राहात नाही. पाठ अधांतरी असते. तिची उंची राखणारे हाताखेरीज दुसरे काहीच नसते, आणि हात दर घासणीला थोडा वरखाली होतो. सुरीची सारी अडचण येथेच आहे.

ही उंची किती असावी, हे शाळेतील त्रिकोणमितीने काढता येते. आणि ते गणित इतके सोपे आहे की वही-पेन्सिलीचीही गरज पडू नये. १५ अंशांच्या कोनासाठी पात्याची पाठ दगडापासून पात्याच्या रुंदीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी उंच हवी. २० अंशांसाठी तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक. पाते ४.८ सेंटीमीटर रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ सुमारे १.२ सेंटीमीटर वर धरावी. येथेच पुष्कळ लोक फसतात. मोठ्या सुरीवर हाताला लागलेली ही उंची ते भाजी सोलण्याच्या लहान सुरीलाही तशीच ठेवतात. लहान सुरीची रुंदी २.४ सेंटीमीटर असली, तर १.२ सेंटीमीटर उंचीवर तिचा कोन होतो ३० अंश, म्हणजे ठरविल्याच्या दुप्पट. हाताला मात्र आपण अगदी तेच करीत आहोत असे वाटते.

आता दगडांकडे वळू. भरड दगडाचे काम धातू काढण्याचे आणि बारीक दगडाचे काम भरड दगडाने पाडलेले ओरखडे पुसून रेषा स्वच्छ करण्याचे. २२० आकड्याच्या दगडातील कण मिलिमीटरच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढा असतो. १००० आकड्याच्या जपानी दगडात तो शंभराव्या हिश्शाच्या आसपास येतो. ८००० च्या दगडात हजाराव्या हिश्शाजवळ. आकडा वाढेल तसा कण लहान होतो आणि प्रत्येक घासणीत निघणारे पोलादही त्याच मानाने कमी होते. याचा अर्थ असा की, भरड दगडावर झालेली चूक भरड दगडच सुधारू शकतो. बारीक दगडाच्या अंगी ते बळ नसते.

समजा, भरड दगडावर ढाळ १५ अंशांचा झाला आणि बारीक दगडावर हात दोन अंश खाली आला. दोन अंश म्हणजे पाठीची उंची दीड मिलिमीटरहून थोडी अधिक उतरली, एवढेच. आता बारीक दगड ढाळाच्या वरच्या कडेला लागतो, धारेला लागतच नाही. धारेपर्यंत पोहोचायचे तर वरच्या कडेचे सुमारे ०.०३५ मिलिमीटर पोलाद आधी झिजवावे लागेल. हे साधारण अर्ध्या केसाच्या जाडीएवढे आहे. भरड दगडाला ते काही घासण्यांचे काम. हजाराव्या हिश्शाच्या कणांना मात्र त्यासाठी शेकडो घासण्या लागतील. तेवढा धीर कोणाला नसतो. वरची कड आरशासारखी होते आणि खाली धारेवर भरड दगडाचे दाते जसेच्या तसे राहतात. पात्यात तोंड दिसते आणि टोमॅटो कापत नाही, त्याचे कारण हे आहे. चकाकी खोटी नव्हती. ती फक्त चुकीच्या जागी होती.

हात उलट दोन अंश वर गेला तर काय होईल? दगड लगेच धारेला लागेल आणि सुरी कापू लागेल. म्हणूनच जाणते कारागीर अखेरच्या दगडावर पाठ मुद्दाम केसभर उचलतात आणि दहा-पाच हलक्या घासण्यांत काम संपवितात. तेव्हा हात चुकणारच असेल तर बारीक दगडावर वरच्या बाजूने चुकलेला बरा. पण ही सवलत जपून वापरावी. दर खेपेला दोन अंश, पुढच्या खेपेला आणखी दोन, असे होत गेले तर वर्षभरात धारेच्या मागे पोलादाची जाड वरवंट्यासारखी कड तयार होते. अशी सुरी कागद कापून दाखवील, पण गाजरात शिरताना ते उभे फोडील.

बारीक दगडापाशी आल्यावर हात बदलतो तरी का? एक कारण उंचीचे. नवा दगड अडीच सेंटीमीटर जाड असतो, जुना झिजून निम्मा झालेला असतो. कोन पाते आणि दगडाचा पृष्ठभाग यांच्यातला. मेजापासून दगड किती उंच आहे याच्याशी त्याचा भूमितीने काही संबंध नाही. पण मनगट भूमिती जाणत नाही. ते मेजाच्या आणि कोपराच्या मापाने आपली जागा ओळखते. दगड उंच झाला की कोपर वळते आणि पाठ उचलली किंवा दबली जाते. पातळ दगडाखाली फळीचा तुकडा घालून सर्व दगडांचे माथे एका पातळीत आणले तर हा घोटाळा बराच टळतो. खाली ओले फडके असावे, म्हणजे दगड सरकत नाही. सरकणाऱ्या दगडावर कोणाचाही कोन टिकलेला नाही.

दुसरे कारण दगडाच्या स्वभावाचे. भरड दगड पात्याला धरतो, खरखर आवाज करतो. हाताला त्याच्याशी बोलता येते. अमेरिकेतील आर्कान्सा प्रांतात निघणारा दगड जवळजवळ निव्वळ गारेचा, अतिशय घट्ट आणि कठीण. त्यावर पाते काचेवरून सरकावे तसे सरकते आणि ते कोठे लागते आहे हे समजतच नाही. क्योतोच्या परिसरातील मऊ दगड पाण्याने चिखल सोडतात. पाते त्या चिखलात चिकटते, आणि चिकटलेले पाते सुटावे म्हणून हात नकळत पाठ उचलतो. मऊ दगडावर धार पुढे करून घासली तर ती दगडातच रुतते, म्हणून तेथे पाठ पुढे ठेवून मागे ओढणे बरे. बेल्जियममधील आर्देन डोंगरातला पिवळा दगड आणखी वेगळा; त्यात गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि पोलाद खातो तो तेच. प्रत्येक दगड हाताला निराळे उत्तर देतो आणि त्या उत्तराने हात बिथरतो. हिऱ्याच्या कणांच्या ज्या सपाट पट्ट्या आता मिळतात, त्यांचा लाभ एवढाच नव्हे की त्या लवकर कापतात; त्या झिजून खोलगट होत नाहीत हा मोठा लाभ.

खोलगट दगड हे तिसरे कारण. आपल्याकडे अनेक घरांतील दगड मध्यभागी होडीसारखे खचलेले आढळतात, कारण सर्वजण मध्येच घासतात. अशा दगडावर हात स्थिर राहिला तरी पृष्ठभागच वरखाली जातो; टोकांपाशी एक कोन, मध्यभागी दुसरा. दोन दगडांपैकी एक सपाट आणि एक खोलगट असेल तर कोन जुळण्याची आशाच सोडावी. उपाय जुना आहे. सपाट फरशीवर बारीक वाळू आणि पाणी घ्यावे, दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्या आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत तो घासावा. मध्यभागच्या रेघा शेवटी जातात. कंटाळवाणे काम आहे. पण ज्याला ते टाळायचे असेल त्याने दगडाचा सगळा माथा वापरण्याची सवय लावून घ्यावी.

दगडांचा विषय निघाला असता कुरुंदाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंग्रजीत ज्याला कोरंडम म्हणतात तो शब्द तमिळमधील ‘कुरुंदम्’ या नावावरून गेला. संस्कृतात कुरुविंद म्हणजे माणिक. माणिक, नीलम आणि धार लावण्याचा कुरुंद ही एकाच द्रव्याची, अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची, रूपे आहेत. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत आशियातील या दगडाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि युरोपच्या विद्वानांचे तिकडे लक्ष गेले. आमच्या शिकलगारांना आणि जवाहिऱ्यांना तो त्याआधी कित्येक शतके ठाऊक होता; कुरुंदाची पूड लाखेत मिसळून ते घासण्याची चाके करीत. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करडा, दोन तोंडांचा दगड मात्र कुरुंदाचा नव्हे. तो कार्बोरंडमचा. हे द्रव्य अमेरिकेत एडवर्ड अचेसन याने १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत कोळसा आणि माती तापवीत असताना मिळविले. आपल्याकडे १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. तो साधा करडा दगड घरच्या कामाला पुरेसा आहे. शिवाय एकाच विटेची दोन तोंडे असल्यामुळे उलटल्यावर उंची तीच राहते, हा त्याचा फारसा कोणाच्या ध्यानात न येणारा गुण.

सुश्रुतसंहितेत शस्त्रांविषयीच्या अध्यायात याच विषयाचा विचार केलेला आढळतो. तेथे शस्त्र घासण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे आणि तयार झालेली धार नीट बसविण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी. म्हणजे कठीण दगड आधी आणि मऊ लाकूड नंतर, असा क्रम. त्याहून विशेष म्हणजे प्रत्येक कामाच्या शस्त्राला वेगळी धार सांगितली आहे: भेदनाच्या शस्त्राला मसुरीच्या कडेएवढी, लेखनाच्या शस्त्राला तिच्या निम्मी, वेधनाच्या शस्त्राला केसाएवढी, छेदनाच्या शस्त्राला अर्ध्या केसाएवढी. कसोटीही दिलेली आहे. शस्त्राने अंगावरचा केस कापला गेला पाहिजे. त्या काळी अंश मोजण्याचे साधन शस्त्रवैद्याच्या हातात नसेल. पण आधी काम ठरवावे, कामावरून धार ठरवावी आणि मग दगडाकडे जावे, हा विवेक तेथे आहे. तीन दगड समोर मांडून कोन कोणता हे न ठरविता घासू लागणाऱ्या आजच्या माणसापाशी तो दिसत नाही.

रस्त्यावरून चाक घेऊन हिंडणाऱ्या धारवाल्याची या ठिकाणी आठवण करणे योग्य होईल. त्याचे चाक एकच, तेही भरड. ते कोरडे फिरते, ठिणग्या उडतात. सुशिक्षित घरांतून त्याला नावे ठेवली जातात, आणि काही अंशी ती रास्त आहेत: पाते फार तापले तर पोलादाचे पाणी उतरते, धारेवर निळा रंग दिसला की ती सुमारे ३०० अंशांपर्यंत तापली असे समजावे आणि तेवढा भाग मऊ झाला हे ओळखावे. पण त्याने लावलेली सुरी टोमॅटो कापते, आणि घरच्या तीन दगडांवरची कापत नाही, हेही खरे आहे. कारण त्याचे चाक एक, त्याची बैठक एक, त्याच्या कोपराचा टेकू एक. तो कोन बदलीतच नाही. भरड का होईना, दोन्ही ढाळ धारेपर्यंत पोहोचतात.

मग घरी बसून तीन दगडांवर काम करणाऱ्याने काय करावे? प्रथम कोन डोळ्यांना दिसेल अशी सोय करावी. कागदाचा काटकोनी कोपरा घ्यावा. तो एकदा मध्ये दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस, आणखी एकदा दुमडला की सव्वाअकरा. या शेवटच्या दोहोंच्या मध्ये आपली सुरी बसते. त्या मापाची लाकडी पाचर तासून ठेवली तर उत्तमच. प्रत्येक दगडावर आरंभी पाते त्या पाचरीवर टेकवावे, हात तेथे स्थिर करावा आणि मग पाचर काढून घ्यावी. मध्येच दहा-वीस घासण्यांनंतर पुन्हा ताडून पाहावे. यात कमीपणा काही नाही. गवंडी ओळंबा सोडतो तो त्याला भिंत बांधता येत नाही म्हणून नव्हे.

दुसरी सोय शाईची. जाड टोकाच्या पेनाने दोन्ही ढाळांवर शाई फासावी आणि नव्या दगडावर फक्त दोन-तीन हलक्या घासण्या कराव्या. शाई वरच्या कडेची गेली आणि धारेशी राहिली, तर पाठ खाली आहे. धारेचीच गेली आणि वरची राहिली, तर पाठ वर आहे. सगळी पट्टी पुसली गेली, तर आधीच्या दगडाचा कोन सापडला. दगड बदलताना दर वेळी हे करावे. फार साधी युक्ती आहे, पण हाताचा भ्रम इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशाने उतरत नाही.

तिसरी खूण पोलाद स्वतः देते. एका बाजूने पुरेसे घासले की धारेवरचे पोलाद इतके पातळ होते की ते दुसऱ्या बाजूला वळते आणि तेथे एक बारीक उलटी कड उभी राहते. अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा आणि अलगद फिरविला तर ती बोटाला अडते. धारेच्या लांबीने बोट कधीही फिरवू नये, हे घरातील मुलांना निक्षून सांगावे. ही उलटी कड मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली तरच दगड धारेपर्यंत पोहोचला असे मानावे. एखाद्या जागी ती नसेल तर त्या जागी कोन खाली होता. बारीक दगडावर ती फार नाजूक असते, पण असते. शेवटी दोन्ही बाजूंना आळीपाळीने, दर घासणीला बाजू बदलून आणि हाताचा भार कमी कमी करीत, ती काढून टाकावी. आणि तेथेही कोन तोच. पुष्कळांचे काम येथवर बिनचूक होते, आणि कड निघावी या घाईने ते पाते उभे धरून दोन फटके मारतात. अर्ध्या तासाची मेहनत त्या दोन फटक्यांत जाते.

हात कसा चालवावा हे शब्दांनी सांगणे कठीण आहे, तरी एवढे सांगता येईल. मनगट बांधल्यासारखे ठेवावे आणि हालचाल कोपरातून, खांद्यातून घ्यावी. उजव्या हाताने मूठ धरून पाठीची उंची सांभाळावी. डाव्या हाताची दोन बोटे पात्याच्या ज्या भागाखाली दगड आहे तेथेच असावीत, आणि भार त्यांचा असावा. पुढे ढकलताना मनगट उचलले जाते आणि मागे ओढताना दबते. यामुळे ढाळ सपाट न होता पोटासारखा फुगतो. थोडा फुगवटा प्रत्येकाच्याच हातून येतो, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. हात म्हणजे यंत्र नव्हे. टोकाकडे पाते वळते तेथे मूठ थोडी उचलावी लागते, नाही तर टोक दगडाला लागतच नाही. बहुतेक घरगुती सुऱ्यांची टोके बोथट असतात ती याच कारणाने. घाई करू नये. आवाज ऐकावा. कोन स्थिर असला की खरखरीचा सूर एकसारखा लागतो. पाठ हलली की सूर बदलतो, आणि कानाला ते डोळ्यांआधी कळते.

ज्यांना हातावर भरवसा नाही त्यांच्यासाठी यंत्रेही निघाली आहेत. त्यांत सुरी घट्ट बसवितात आणि दगड एका दांड्यावर चढवून ठरावीक कोनात फिरवितात. कोन बांधून दिला आहे, मग चूक कशी होणार, असे वाटते. पण येथेही दगड बदलला की घोटाळा होतो, आणि तो घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. दांड्याच्या खुंटीपासून धार २० सेंटीमीटरवर असेल आणि दुसरा दगड पहिल्याहून ५ मिलिमीटर जाड असेल, तर कोन सुमारे दीड अंशाने बदलतो. हाताने होणारी चूक ती हीच. फक्त यंत्र ती दर घासणीला अगदी इमानाने करते. दगडाच्या जाडीइतकी खुंटी वरखाली करावी, किंवा सारे दगड एकाच जाडीचे घ्यावे.

आता विळीविषयी, कारण कोकणात आणि गोव्यात आजही कितीतरी घरांत सुरीपेक्षा विळीच अधिक चालते. गोव्यात तिला आदोळी म्हणतात. तिचे पाते पाटावर उभे रोवलेले, तेव्हा ते दगडापाशी नेता येत नाही. दगडच पात्यापाशी न्यावा लागतो. सुरीला जे नियम सांगितले तेच येथे, पण उलटे: पाते स्थिर आणि दगड हातात. शिवाय विळीची धार वाकलेली. तेव्हा दगड खालून वर नेताना धारेच्या वळणाबरोबर त्याचे तोंड फिरवीत न्यावे लागते, आणि हे करताना पात्याच्या अंगाशी असलेला त्याचा कोन मात्र जपावा लागतो. दगड लहान, मुठीत मावणारा असावा आणि बोटे त्याच्या कडेच्या मागे राहावीत. मोठ्या विटेचा फुटका तुकडा यासाठी वापरतात, पण त्याचे एक तोंड तरी सपाट करून घ्यावे. विळीच्या लोखंडी पात्यालाही शाईची युक्ती लागू पडते. घरात पेन नसेल तर काजळ चालते. दोन्ही बाजू झाल्या की पाते ओल्या फडक्याने धारेकडे पाठ करून पुसावे, कोरडे करावे, त्यावर खोबरेल तेलाचा एक हात फिरवावा आणि विळी मिटून, भिंतीकडे धार करून ठेवून द्यावी.